पाहुणे : निरंक

हुपरीकर सरांनी वाहनतळाच्या मीटरला हात घातला नसता तर ते आज सुखात असते. पण निवृत्त शास्त्रशिक्षकाला सुख सोसत नाही. त्यातून ज्याच्या बायकोचं दुकान अशा संकुलात आहे, की जिथे अकरा लोखंडी मीटर रोज डोळ्यांदेखत चुकीची वेळ दाखवत उभे असतात, त्याला तर अजिबात नाही.

दत्तप्रसाद हुपरीकर यांनी बत्तीस वर्षं हायस्कूलमध्ये शास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर ते पत्नी संयोगिताबाईंच्या फॉल-पिकोच्या दुकानात बसू लागले आणि दीड महिन्यात संयोगिताबाईंनी त्यांना तिथून उठवलं, कारण ते गिऱ्हाइकांचं मराठी सुधारत असत. ही पीडा कुठेतरी गुंतवावी म्हणून हिरण्यकेशी व्यापारी संकुलाच्या सभासदांनी त्यांना मानद सचिव करून टाकलं. इतिवृत्तं लिहायला तसंही कुणीतरी हवंच होतं आणि सरांचं अक्षर छापल्यासारखं होतं. 'मानद' या शब्दात पगार नसतो पण मान असतो, असं सरांचं मत होतं.

तर ते मीटर. संकुलाच्या संस्थापकांनी पस्तीस वर्षांपूर्वी परदेशात असले खांब पाहिले आणि परत आल्यावर शिरोलीच्या एका फाउंड्रीतून तसेच अकरा ओतून घेतले. वरच्या फटीत रुपया टाकायचा, चावी पिळायची, की आतलं घड्याळ सुरू. तास संपला की लाल पत्रा टण्णकन वर यायचा. सगळं झकास चाललं होतं, पण पुढे सरकारने रुपया लहान केला आणि मीटरची फट होती तेवढीच राहिली. नवं नाणं सरळ खाली पडायचं आणि चावी फिरायची नाही.

त्यावर केरबाने तोड काढली होती. केरबा हा वाहनतळाचा राखणदार. फाउंड्रीत उजव्या हाताची दोन बोटं गेल्यावर संस्थापकांनीच त्याला इथे आणून बसवलं, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. त्याच्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात अकरा जुने, मोठे रुपये होते. गाडीवाल्याकडून तो पैसे घ्यायचा आणि त्याच्या हातात एक मोठा रुपया ठेवायचा. गाडीवाला तो फटीत टाकून चावी पिळायचा. मग केरबा खालचं दार उघडून तोच रुपया काढून डब्यात टाकायचा. असे ते अकरा रुपये बावीस वर्षं फिरत होते.

केरबाची बोलण्याचीही एक तऱ्हा होती. फाटकातून आत येणारा प्रत्येक माणूस त्याचा 'पावणं' असे. "पावणं, हिकडं घ्या. आनि थोडं. बास." मग पुण्याची गाडी असो की पन्हाळ्याची, सगळे पावणंच आणि सगळ्यांना पैसे. पण कुणा दुकानदाराचे सासरे, साडू वगैरे आले की तो दुकानदार वरच्या गॅलरीतून ओरडायचा, "केरबा, आमचं पावणं हाईत रं!" आणि डब्याचं झाकण बंद व्हायचं. म्हणजे एकाच आवारात दोन जातींचे पावणे होते. बावीस वर्षांत केरबाचा त्यात एकदाही घोटाळा झाला नाही. घोटाळा करायला शिकलेला माणूस लागतो.

सरांनी वार्षिक सभेत ठराव मांडला. मीटर बाहेरून तेच ठेवायचे, आत मात्र इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवायची. मोबाईलने पैसे, आकड्यात वेळ, संगणकावर हिशेब. अध्यक्ष उदयसिंह ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे व्यापारी आणि सरांचे दहावी 'ब'चे विद्यार्थी. त्यांनी चर्चा खुली केली आणि सल्ले सुरू झाले. बॅटरीवाला सयाजी म्हणाला, प्रत्येक मीटरला एक बॅटरी लावा, दर पडत्या भावात देतो. एकाने मीटर काढून चाफा लावायला सांगितलं. एकाने विचारलं की यंत्राला देव दाखवला का. शेवटी कापडवाल्यांपैकी एका म्हाताऱ्याने विचारलं, की मग केरबाचं काय.

केरबा दारातच उभा होता. त्याच्या घरी धोंडुबाई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिची औषधं या नोकरीवर चालत, हे सगळ्यांना माहीत होतं. सर उठले, चष्मा काढला आणि म्हणाले, "यंत्र केरबासाठी आहे, केरबाच्या जागी नाही. केरबाच्या नोकरीला धक्का लागणार नाही, हा माझा शब्द आहे." टाळ्या पडल्या. उदयसिंहांनीही वाजवल्या. केरबाने दारातूनच हात जोडले, तेव्हा सरांना आपण फार मोठं काम केलं असं वाटलं.

त्यानंतर सर वीज कार्यालयात गेले. वाहनतळाच्या मीटरसाठी वेगळी जोडणी हवी होती, म्हणून त्यांनी शुद्ध मराठीत अर्ज लिहिला: 'आमच्या मीटरसाठी मीटर मिळावा.' खिडकीतल्या बाईंनी तो दोनदा वाचला आणि सांगितलं, की मीटरला मीटर देता येत नाही. सरांनी समजावलं, की हा मीटर विजेचा नाही. बाई म्हणाल्या, विजेचा नाही तर वीज कशाला पाहिजे? सरांनी फळा नसताना हवेत आकृती काढली. मागच्या रांगेतल्या दोघांनी ती पाहून आपले अर्ज घडी करून खिशात घातले. चौथ्या खेपेला 'मीटर' खोडून 'खांब' लिहिल्यावर काम झालं. मग वजनमापवाल्यांकडे कुणीतरी पाठवलं. तिथले साहेब म्हणाले, हे काय मोजतं? सर म्हणाले, वेळ. साहेब म्हणाले, मग ते घड्याळ झालं, घड्याळ आमच्याकडे येत नाही. कुणाकडे येतं, हे मात्र त्यांनाही सांगता आलं नाही.

घरी संयोगिताबाई रोज विचारत, आज कुठल्या कार्यालयात येत नव्हतं ते? सर पुढचा अर्ज लिहायला घेत. ज्या माणसाने बत्तीस वर्षं हजेरी घेतली, त्याला सहा कार्यालयांत आपली हजेरी द्यायला लागणं हा अपमान होता आणि तो त्यांना फार लागला होता.

पुण्याच्या कंपनीची यंत्रं आली, तर ती लोखंडात बसेनात. शिरोलीचं ओतीव लोखंड, भोक पाडताना सात ड्रिल मोडले. भोक पडलं तर आतून सिग्नल बाहेर जाईना. मग खांबांच्या डोक्यावर प्लास्टिकच्या वाट्या बसवल्या आणि अकरा खांबांना अकरा टोप्या घातल्यासारखं दिसू लागलं. केरबा दोन बोटं नसलेल्या हाताने खांब धरून उभा राहायचा आणि दर भोकाला खांबाचीच माफी मागितल्यासारखं काहीतरी पुटपुटायचा. सर त्याला विद्युतचुंबकीय लहरी समजावून सांगायचे. तो "व्हय गुरुजी" म्हणायचा.

एवढं झाल्यावर कंपनीच्या अंतरा मॅडमचा फोन आला, की दरांचा फॉर्म आजच्या आज भरून पाठवा. सगळं मराठीत करून दिलंय सर, तुम्हाला सोपं जाईल. फॉर्म खरोखरच मराठीत होता. त्यात दोन ओळी होत्या: 'सभासद : दर' आणि 'पाहुणे : दर'.

सर जिन्याखालच्या केरबाच्या स्टुलावर बसले आणि विचारात पडले. गिऱ्हाईक कुठे आहे? गिऱ्हाइकाची ओळच नव्हती. मग त्यांनी तर्क चालवला. मोबाईलने पैसे भरायचे म्हणजे आधी नाव नोंदवायचं. नाव नोंदवलं की माणूस यंत्राचा सभासद झाला. म्हणजे सभासद तेच गिऱ्हाईक. आणि पाहुणे म्हणजे पाहुणे. दुकानदारांचे सासरे आणि साडू. कंपनीने आपल्या आवाराची रीत इतकी बारकाईने ध्यानात घेतली, याचं त्यांना कौतुकही वाटलं.

केरबा शेजारी उभा होता. त्याला सरांनी मोठ्याने वाचून दाखवलं. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "गुरुजी, पावणं म्हंजे येणारा समदा गाव म्हणायचं असंल त्यास्नी. आपून न्हाई का वाटंवरल्या माणसालाबी पावणं म्हणत?"

सर हसले. ते आपल्या खास, शेवटच्या बाकावरच्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या हसण्याने हसले. "केरबा, ते आपलं बोलणं झालं. हे लेखी आहे. लेखी मराठीत पाहुणे म्हणजे अतिथी. अतिथीकडून पैसे घेतात का?"

"न्हाई घेत," केरबा म्हणाला. "पर फोन करून इचारलं असतं मॅडमास्नी..."

आता मानद सचिवाने राखणदाराच्या सांगण्यावरून पुण्याला फोन करून 'पाहुणे' या शब्दाचा अर्थ विचारायचा, हे काही होणं शक्य नव्हतं. सरांनी 'सभासद'समोर दर लिहिला आणि 'पाहुणे'समोर आपल्या छापल्यासारख्या अक्षरात 'निरंक' लिहून खाली रेघ मारली. फॉर्म त्यांनी अध्यक्षांच्या सहीला दिला आणि उदयसिंहांनी सही करून त्याचा फोटो कंपनीला धाडला.

उद्घाटनाला पहिल्या मीटरवर नारळ फोडला. पाणी टोपीतून आत गेलं आणि तो मीटर तिथेच गेला. बाकीचे दहा मात्र सुरेख चालू लागले. गाडीवाला यायचा, यंत्र विचारायचं, 'सभासद की पाहुणे?' आपण काही इथले सभासद नव्हे, हे कुणालाही कळतं. तो 'पाहुणे' दाबायचा. यंत्र 'आपले स्वागत आहे' म्हणायचं आणि गाडी फुकटात उभी राहायची.

तीन दिवसांत ही बातमी आजूबाजूच्या चार गल्ल्यांत गेली. वाहनतळ सकाळी नऊला भरू लागला. कागलहून रोज बँकेत नोकरीला येणारा एक जण सकाळी गाडी लावून संध्याकाळी न्यायला लागला. दुसऱ्या बाजूला दुकानदार सभासद होते, ते इमानाने 'सभासद' दाबत आणि त्यांच्या मोबाईलमधून पैसे कापले जात. सयाजी बॅटरीवाला स्वतःच्या दुकानाखाली स्वतः पाहुणा होऊन गाडी लावू लागला. केरबा दोनदा सरांकडे येऊन गेला. गुरुजी, कायतरी उलटं हुतंय, म्हणाला. सरांनी सांगितलं, की नवी यंत्रणा रुळायला वेळ लागतो. हिशेबाचा अहवाल रोज अध्यक्षांच्या ईमेलवर जात होता आणि ईमेल उघडायची सवय संकुलात कुणालाच नव्हती.

एकोणीस दिवसांनी कुणीतरी ईमेल उघडला. सरांनी घाबरून पुण्याला फोन लावला तेव्हा अंतरा मॅडम म्हणाल्या, "व्हिजिटर हो सर. बाहेरून येणारे. व्हिजिटरला मराठीत पाहुणेच म्हणतात ना?" सरांनी फोन ठेवला. दर बदलायचं काम चार मिनिटांचं होतं आणि ते तिथल्या तिथे झालंही. पण एकोणीस दिवसांचं काय, म्हणून तातडीची सभा बोलावली गेली.

सभेला सर इतिवृत्ताची वही घेऊन बसले. आपण उठायचं आणि सांगायचं, हे त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. वाक्यही तयार होतं: 'दरपत्रक भरताना माझ्याकडून अर्थबोधात प्रमाद घडला.' पण सभा आरडाओरड्याने सुरू झाली. जरा शांत झाल्यावर बोलू, असं त्यांनी ठरवलं.

उदयसिंहांनी विचारलं, यंत्रापाशी दिवसभर कोण असतं? सगळ्यांनी दारात उभ्या असलेल्या केरबाकडे पाहिलं. मग एकाला आठवलं, की केरबा येणाऱ्या प्रत्येकाला पावणं, पावणं म्हणून हाका मारतो. दुसरा म्हणाला, मग माणूस 'पाहुणे' दाबणार नाही तर काय करणार? तिसरा म्हणाला, ओळखीच्यांना मुद्दाम दाबायला लावत असेल. हे इतकं सोपं आणि सगळ्यांच्या सोयीचं होतं, की आरडाओरडा एकदम थांबला.

शांतता झाली. सर ज्या शांततेची वाट पाहत होते तीच ही. त्यांच्या हातात पेन होतं. समोर बसलेल्यांतले निम्मे त्यांचे विद्यार्थी होते. कुणाला त्यांनी 'ह्रस्व-दीर्घ' वरून छडी मारली होती, कुणाला अर्थ कळला नाही म्हणून बाकावर उभं केलं होतं. त्या सगळ्यांपुढे उठून, मला एका साध्या मराठी शब्दाचा अर्थ कळला नाही आणि राखणदाराला कळला होता, असं सांगायचं होतं. सरांनी वहीवर तारीख लिहिली. मग वार लिहिला.

केरबा त्यांच्याकडे पाहत होता. नजरेत तक्रार नव्हती. उत्तर येत असलेला मुलगा दुसऱ्याला आधी बोलू देतो, तसा तो थांबला होता. मग म्हणाला, "व्हय. माझी जीभच तशी हाय. समद्यास्नी पावणंच म्हणतोय मी."

एवढंच. पाच मिनिटांत केरबाला कामावरून काढायचा ठराव झाला आणि तो लिहिणं मानद सचिवांचं काम होतं. 'राखणदार केरबा यांच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिले. निष्काळजीपणातला 'ष' पोटफोड्या, तो त्यांनी बरोबर लिहिला. केरबाने डबा आणि किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि जाताना सरांच्या पायाला हात लावायला वाकला. त्यांनी त्याच्या पोरीला दहावीला फी न घेता शिकवलं होतं, ते तो विसरला नव्हता. सरांनी पाय मागे घेतले, पण तोवर त्याचा हात लागलेला होता.

घरी संयोगिताबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि शिलाई मशीन थांबवलं. त्या म्हणाल्या, "वर्गात काही मोडलं की तुम्ही सगळ्या पोरांना उभं करायचात. ज्यानं केलं त्यानं पुढं यावं, म्हणून. तास तासभर." मग त्यांनी मशीन पुन्हा सुरू केलं आणि सर त्या दिवशी जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानं उघडताच सर उदयसिंहांकडे गेले. ट्रॅक्टरच्या नळ्यांच्या आणि पट्ट्यांच्या मधोमध उभं राहून त्यांनी सांगून टाकलं. प्रमाद वगैरे शब्द आले नाहीत. "ती चूक माझी आहे. केरबानं मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. ठराव मागं घे."

उदयसिंहांनी नोकराला चहा सांगितला आणि मोबाईल काढून त्यांच्यापुढे धरला. फॉर्मचा फोटो होता. 'निरंक' आणि त्याखालची रेघ.

"सर, आमाला काय ठाऊक न्हवतं व्हय?" ते शांतपणे म्हणाले. "निम्मी सभा तुमच्या हाताखालनं गेलीया. तुमचं अक्षर न्हाई वळखायचं?"

सर समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, मग काल कुणी बोललं का नाही?

"तुमची वाट बघत हुतो. यंत्र आणलं तवाच ठरलं हुतं, माणूस ठेवायचा न्हाई. पर बावीस वर्साच्या माणसाला काढायचं कसं? वर तुमी भर सभेत शबूद दिलेला. काल तुमी उठला असता, तर त्याला ठेवावाच लागला असता." उदयसिंहांनी मोबाईल खिशात टाकला. "तुमी गप बसलासा. आमचं काम सोपं झालं."

चहा आला. सरांना तो घ्यायचा नव्हता, पण विद्यार्थ्याने दिलेला चहा नाकारायचा कसा हे त्यांना सुचेना, म्हणून त्यांनी तो घेतला. मी दुरुस्तीचा ठराव लिहितो, असं ते म्हणाले. उदयसिंह म्हणाले, लिहा की, पुढच्या वार्षिक सभेत घेऊ. ती अकरा महिन्यांनी होती. केरबा आज सकाळच्या गाडीने धोंडुबाईला घेऊन गावी गेला, हेही त्यांनी सांगितलं.

सर खाली उतरले. दहा मीटर टोप्या घालून बिनचूक चालले होते. जिन्याखाली स्टूल रिकामं होतं. ऊन वाढलं होतं, तरी ते खांबाला धरून उभे राहिले.

फाटकातून एक पांढरी गाडी आत आली. आतल्या तरुणाने काच खाली केली, खांबापाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला पाहिलं आणि म्हणाला, "मामा, मागनं जरा बघा की, बसती का."

मी इथला मानद सचिव आहे, असं सांगण्यासाठी सरांनी तोंड उघडलं. मग ते गाडीच्या मागे गेले आणि हात वर करून म्हणाले, "येऊ द्या. आणखी थोडं. येऊ द्या."